जस्ताला चिंचोक्याची खळ

आमच्या सरांना भेटायला जाताना नवीन मोबाइल खिशात असू नये, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. पीएच.डी.साठी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा वडिलांनी नुकताच घेऊन दिलेला मोबाइल मी दिमाखात टेबलावर ठेवला. काचेवर कंपनीची पातळ फिल्म तशीच होती, तिच्यावर मी बाजारातून आणखी एक काच बसवून घेतली होती आणि मागे जाडजूड रबरी कव्हर. सरांनी माझ्या मार्कलिस्टकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मोबाइल उचलला, कडेला नख घातलं आणि गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, असं विचारता विचारता एकेक पापुद्रा सोलून टेबलावर मांडला. शेवटी उघडा मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, "हा कुठं घासला जातोय का दिवसभर? न्हाई ना? मग लेप कशाला बे?"

"पडला तर, सर?"

"पडला तर पडला. पडणं येगळं आणि घासणं येगळं. तेवढं कळलं तर बाकीचं मी शिकवतो की."

मोबाइल त्याच आठवड्यात जिन्यावरून पडला आणि मला प्रवेश मिळाला. ती तडकलेली काच मी पुढे बराच काळ अभिमानाने वापरली. कोणी विचारलं तर 'संशोधनाचा भाग आहे' म्हणून सांगायचो.

गंमत अशी, की ज्या माणसाला कशावरचंही आवरण सहन होत नसे, त्याचं सगळं आयुष्य आवरणं तयार करण्यात गेलं होतं. सर आमच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या जस्ताच्या बॅटरीवर काम करायचे. ही बॅटरी सांगायला अगदी साधी आहे. शर्टाच्या बटणाएवढा सेल, आत जस्ताच्या दोन चकत्या, मध्ये क्षाराच्या पाण्यात भिजवलेला कागद. वीज सोडली की एका चकतीवरचं जस्त विरघळतं आणि दुसरीवर जाऊन बसतं. उलटी सोडली की परत येतं. जाण्यायेण्याबद्दल कोणाची तक्रार नसते. तक्रार बसण्याबद्दल असते. जस्त सपाट बसत नाही. जिथे थोडा उंचवटा असेल तिथेच अजून येऊन बसतं, त्याचा काटा होतो, काटा वाढत वाढत मधल्या कागदाला भोक पाडतो आणि पलीकडच्या चकतीला टेकतो. टेकला की सेल संपला. म्हणून जस्तावर आधीच एक पातळ लेप द्यायचा, जो जस्ताला येऊ-जाऊ देईल पण काटा वर काढू देणार नाही. जगभरची मंडळी त्यासाठी नावं उच्चारता येणार नाहीत अशी रसायनं वापरतात. आमचे सर चिंचोके वापरायचे.

सर सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकरांच्या तेलुगू घरातले. त्यांचे वडील सायझिंगमध्ये होते, म्हणजे मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावतात त्या खात्यात. खळ लावली नाही तर सूत मागावर घासून तुटतं, आणि जाड लावली तर ताठ होऊन मोडतं. सरांचं सगळं विज्ञान ह्या एका गोष्टीवर उभं होतं. "जस्ताचं आणि सुताचं दुखणं एकच हाय," ते म्हणायचे. "दोघांना दिवसभर घासून घ्यायचंय आणि तुटायचं न्हाई." मैद्याची खळ त्यांनी करून पाहिली, साबुदाण्याची पाहिली, ज्वारीची पाहिली, आणि शेवटी घोंगडीला लावतात त्या चिंचोक्याच्या खळीवर येऊन थांबले. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, दळायचं, शिजवायचं, जस्ताच्या पत्र्यावर फासायचं आणि मग त्याच्या चकत्या कापायच्या. लॅबमधून असा वास सुटायचा की भौतिकशास्त्राचे लोक दाराशी येऊन जेवण आहे का म्हणून विचारून जायचे. उन्हाळ्यात खळ भराभर सुकून तडकते म्हणून सर लॅबच्या खिडक्यांना ओली गोणपाटं बांधायचे, आणि खळ लावायचं काम सकाळी ऊन चढायच्या आत उरकायचं. लेप चांगला बसला की तो 'नांदतोय' म्हणायचे. "बसलाय म्हणू नको बे. बसतं काय कोणीपण. नांदायला पायजे."

माझं मात्र गावात काय करतो हे सांगताना अवघड व्हायचं. आम्ही कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचे. वडिलांचं तिथे इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान. 'मुलगा बॅटरीत डॉक्टर होतोय' हे त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलेलं, आणि त्या डॉक्टरने 'मी चिंचोके शिजवतो' असं सांगणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी 'नॅनो' म्हणायचो. नॅनो म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत, असा माझा अनुभव होता. दुधनीत तो चुकला. तिथे नॅनो म्हणजे युरियाची बाटली, त्यामुळे निम्म्या गावाला मी खताच्या कंपनीत लागलो असं वाटत होतं. उरलेलं निम्मं गाव मी सुट्टीवर गेलो की आपापल्या मेलेल्या बॅटऱ्या घेऊन दुकानात हजर व्हायचं. "डाक्टर, ट्रॅक्टरची हाय. लई दिवस झालं उठंनाच झालीय. बगा की." मी गंभीर चेहरा करून बॅटरीला हात लावायचो आणि नवी घ्या म्हणायचो. माझं हे निदान वडिलांना फार आवडायचं.

लेपाची जाडी मोजायला विभागात एक चांगलं यंत्र होतं. सर ते वापरायचे, पण त्याआधी चकती आपल्या डाव्या गालावरून फिरवायचे. डोळे मिटून, हळूहळू, तेलुगूत स्वतःशी काहीतरी पुटपुटत. मग 'जाड हाय' किंवा 'नांदेल' एवढंच. ह्या गालासाठी ते रोज सकाळी न चुकता दाढी करायचे. उजवा गाल चालायचा नाही. लहानपणी त्याच्यावर उकळत्या खळीचा शिंतोडा उडाला होता. एकदा त्यांची डावी दाढ दुखून गाल सुजला आणि आठवडाभर प्रत्येक चकती 'जाड हाय' म्हणून परत आली. यंत्र वेगळं सांगत होतं. सरांनी यंत्र दुरुस्तीला पाठवलं.

मी पण एकदा गाल वापरून पाहिला. चकती थंड आहे, एवढंच मला कळलं. ते मी प्रामाणिकपणे सांगितलं तर सर म्हणाले, "सुरुवात चांगली हाय." शेजारच्या टेबलावर तबस्सुम काम करायची. ती सोलापूरचीच, घरचा ट्रान्स्पोर्टचा धंदा, पीएच.डी.त माझ्या पुढे आणि अकलेत त्याहून पुढे. ती मान वर न करता म्हणाली, "दाढी तो पहले आने दो जी. फिर गाल का देखेंगे."

शनिवार हा आमचा चिरफाडीचा वार. आठवड्यात जे सेल मेले असतील ते त्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायचे. ज्याचा सेल, त्याने पक्कड घेऊन मध्ये बसायचं, सेलची कड उचकटायची, चकत्या बाहेर काढून कशाने मेला ते सांगायचं. आणि सांगायची सुरुवात ठरलेली: 'ह्याला मी मारलं.' लाइट गेली, माल खराब आला, ऊन फार होतं, ह्यातलं काही ऐकून घेतलं जायचं नाही. पहिल्यांदा हे वाक्य मी पकडीकडे बघत नुसतंच पुटपुटलो होतो. नंतर सवय झाली, कारण माझ्याइतके सेल त्या लॅबमध्ये दुसऱ्या कोणी मारले नाहीत. कुठे लेपाला चीर, कुठे बुडबुडा, कुठे माझ्या बोटाचा ठसा. तबस्सुम म्हणायची, "तुम्हारा तो हर शनिचर उरूस रहता जी." ह्या प्रथेला एकच अपवाद होता: चालत्या सेलला हात लावायचा नाही. चालता माग कोणी उसवत नाही, असं सर म्हणायचे.

एकदा सर अक्कलकोटला व्याख्यानाला आले आणि तिथून पुढे आमच्या दुधनीच्या घरी येऊन टेकले. वडिलांनी सकाळपासून घर झाडून घेतलं होतं. बैठकीत आमचा मोठा सोफा होता, दुकानातून आला तेव्हाच्या प्लॅस्टिकसकट. त्या सोफ्याचं कापड कोणत्या रंगाचं आहे ह्यावर आमच्या घरात दोन मतं होती. सर त्यावर बसले, उन्हाने तापलेलं प्लॅस्टिक करकरलं, आणि मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. शिवणीत नख घातलं.

"सर," वडील घाईने म्हणाले, "नवा कोरा ठेवलाय की त्यो. जपून हाय."

"कुणासाठी?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. तोपर्यंत सरांनी अख्खी एक बाजू सोलली होती. आत आई तोंडाला पदर लावून हसत होती. सर गेल्यावर वडील कितीतरी वेळ त्या सोफ्याकडे बघत उभे राहिले, मग कडेला अलगद बसले, हाताने कापड चाचपलं आणि म्हणाले, "मऊ हाय की रं, तम्मा." त्या दिवसापासून ते सरांचे भक्त झाले. माझ्या संशोधनावर त्यांचा विश्वास बसला तो सोफ्यामुळे.

आता मुद्द्याचं सांगतो. सरांना एकच गोष्ट बघायची होती. खळ लावलेला आपला एक तरी सेल काट्याने न मरता, आतलं पाणी आटेपर्यंत पूर्ण आयुष्य जगलेला असावा, आणि उघडल्यावर आतला लेप कडेपासून कडेपर्यंत शाबूत निघावा. एवढंच. बक्षीस नको, पेटंट नको. इतक्या वर्षांत तसा एकही निघाला नव्हता. कुठून तरी काटा वर यायचाच. परिषदांमधून लोक चिंचोक्यांना हसायचे, चहाच्या वेळी 'सांबार झालं का' विचारायचे, आणि सरही त्यांच्याबरोबर हसायचे. आणि माझ्या शेवटच्या वर्षाच्या मे अखेरीस ते निवृत्त होणार होते.

अशा वेळी माझा सेल जगायला लागला.

तेव्हा मला जे वाटलं ते लिहायलासुद्धा लाज वाटते, तरी लिहितो. सेलांना दिवसरात्र उलटसुलट वीज देणाऱ्या मशीनच्या पडद्यावर प्रत्येक सेलचा एक पट्टा उमटत जातो. जस्ताला ये-जा करायला जड जायला लागलं की पट्टा रुंद होतो, सोपं गेलं की अरुंद. माझ्या सेलचा पट्टा चारचौघांसारखाच होता, आणि एका सकाळी तो एकदम अरुंद झाला. अरुंद आणि सरळ, पट्टीने आखल्यासारखा. मी धावत सरांना बोलावलं. सर पडद्यासमोर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नांदायला लागला बे," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर शेजारचे सेल मरत गेले, नवे आले, तेही मेले. माझा चालूच. सर सकाळी आले की आधी त्याच्याकडे जायचे. दुपारी डबा खाताना खुर्ची पडद्याकडे वळवून बसायचे. एके दिवशी तर मी पाहिलं, त्यांनी कुठून तरी एक स्वच्छ प्लॅस्टिकचं कव्हर आणून मशीनमधल्या माझ्या सेलच्या खणावर घातलं होतं आणि वर चिकटपट्टीने कागद लावला होता: 'हात लावू नये.' सरांनी! प्लॅस्टिकचं कव्हर! त्याच वेळी मला संशय यायला हवा होता. पण मला तेव्हा दुसरीच काळजी होती: प्रबंधाच्या अर्पणपत्रिकेत सरांचं नाव आधी घालावं की आईवडिलांचं. आरशासमोर मी 'डॉक्टर' म्हणून घेऊन पाहत होतो. सही बदलली होती. नव्या सहीत 'डॉ.'चं टिंब इतकं ठसठशीत होतं की पेन कागदाला भोक पाडायचं.

मे महिन्यात लॅबचा एसी बंद पडला. दुपारी लॅब तापायची आणि पडद्यावर सगळ्या सेलांचे पट्टे अरुंद व्हायचे, कारण उन्हाने आतलं पाणी तापलं की जस्ताची ये-जा सोपी होते. संध्याकाळी परत रुंद. फक्त माझा सेल ढिम्म. सकाळी तेवढाच, दुपारी तेवढाच. माझी छाती फुगली. बाकीच्यांना ऊन बाधतं, माझ्याला बाधत नाही! ही गोष्ट मी सरांना सांगितली नाही. निरोप समारंभाच्या भाषणासाठी राखून ठेवली.

समारंभाला सभागृह भरलं होतं. वडील दुधनीहून टेम्पोत फ्लेक्स घालून आले होते आणि त्यांनी तो फाटकालाच बांधला होता. त्यावर माझा फोटो मोठा, सरांचा लहान, माझ्या नावामागे 'डॉ.', आणि सेलचा फोटो मिळाला नाही म्हणून ट्रकच्या बॅटरीचा. शाल झाली, नारळ झाला. विभागप्रमुख 'न मरणारा सेल' ह्या विषयावर बोलले. मग मला बोलावलं. मी सरांच्या आठवणी सांगितल्या, लोक हसले, आणि मग आवाज चढवून मी राखून ठेवलेलं सोडलं: "ह्या मे महिन्यात एसी बंद पडला. शेजारचे सगळे सेल उन्हापुढे वाकले. पण आपल्या सरांचा सेल सोलापूरच्या उन्हालाही बधला नाही!"

टाळ्या कडाडल्या. वडील उभे राहून वाजवत होते. सर मात्र वाजवता वाजवता थांबले.

"काय म्हणालास बे?" ते खुर्चीतून म्हणाले. "ऊन लागलं न्हाई त्याला?"

"अजिबात नाही, सर!" मी माइकमध्येच सांगितलं.

"भर दुपारीपण न्हाई?"

"भर दुपारीपण नाही, सर!"

परत टाळ्या. सर त्या संपायची वाट बघत बसले. मग उठले, माझ्या हातातला माइक घेतला नाही, नुसतेच म्हणाले, आणि पहिल्या काही रांगांना ते ऐकू गेलं: "सोलापुरात राहून मे महिन्यात ज्याला ऊन लागत न्हाई, तो जिवंत न्हाई बे."

लोक हसले. मीही हसलो. हसता हसता मला कळलं, आणि मग तोंड मिटता येईना. पट्टा एकदम अरुंद झाला होता त्या सकाळीच आतला काटा पलीकडे जाऊन टेकला होता. तेव्हापासून जस्ताची ये-जा बंद होती. वीज त्या काट्यातून सरळ इकडून तिकडे जात होती. तारेला ऊन लागत नाही, तार दमत नाही, तार मरतही नाही. आम्ही इतके दिवस जिच्याकडे डोळे लावून बसलो होतो ती एक बारीकशी तार होती.

सरांनी तबस्सुमला लॅबमधून सेल आणि पक्कड आणायला सांगितलं. ती माझ्याकडे न बघता गेली. विभागप्रमुख म्हणाले, "सर, आज राहू दे. नंतर बघू." सर म्हणाले, "शनिवारच हाय की आज." खरंच शनिवार होता. हाराचं ताट बाजूला सरकवून त्यांनी टेबलावर जागा केली. अंगावरची शाल खुर्चीवर ठेवली. पक्कड मी घ्यायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः सेलची कड उचकटली. आतला कागद काढून प्रकाशात धरला. कडेजवळ एक काळा ठिपका, आरपार. चकतीवर त्याच जागी लेप फाटलेला, अगदी काठाला.

मी ठरलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. सरांनी मानेने नको म्हटलं.

"ह्याला मी मारलं," ते सभागृहाकडे बघून म्हणाले. "आपण आधी खळ लावतो आणि मग चकती कापतो. कापताना काठाला लेप फाटतो. हे आधीच दिसायला पायजे होतं. आणि ज्या दिवशी पट्टा अरुंद झाला त्या दिवशीच हा गेला, हे मला कळायला पायजे होतं. मला कळत न्हाई असं न्हाई. मला ते कळून घ्यायचंच नव्हतं."

एवढं बोलून ते खाली बसले. शेवटी चहा आला म्हणून सगळे सुटले. मी माइक हातात धरून स्टेजवर तसाच उभा होतो, आणि माइक चालू असल्यामुळे माझा श्वास मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता. सरांकडे बघवत नव्हतं. आयुष्यभर लोक हसले तेव्हा हा माणूस सोबत हसला होता. आज कोणी हसत नव्हतं आणि तो हसत नव्हता.

बाहेर वडील फ्लेक्सची सुतळी सोडत होते. मी जवळ जाऊन मान खाली घालून उभा राहिलो. ते फ्लेक्सची गुंडाळी करत म्हणाले, "आसू दे की, तम्मा. तारीक कुटं टाकलीय ह्याच्यावर? परत लावाय येतंय."

निवृत्तीनंतर सर लॅबमध्ये आले नाहीत. मी फोन केला, घरी गेलो, सरांच्या पत्नीकडून, म्हणजे काकूंकडून, सांगून पाहिलं. "निवृत्त माणूस खुर्ची टाकून बसला की कोणाचं काम होत न्हाई," एवढंच म्हणायचे आणि दुसऱ्या विषयावर जायचे. सेलबद्दल एका अक्षराने विचारायचे नाहीत. काकूंनी एकदा फाटकापर्यंत सोडायला येत हळूच सांगितलं, "रोज संध्याकाळी तुझ्या फोनची वाट बघतेत. माझ्यापुढं कबूल करत नाहीत."

मी मुदतवाढ घेतली आणि आधी चकत्या कापून मग खळ लावायला लागलो. काठालाही लावायची म्हणजे एकेक चकती चिमट्यात धरून फिरवावी लागते. माझ्या हाताने ते नीट जमेपर्यंत किती चिंचोके वाया गेले ते विचारू नका. त्यातून शेवटी एक सेल मार्गी लागला. पण आता मला चांगल्या बातमीचीच भीती बसली होती. उन्हाळा आला, लॅबचा एसी (तो दुरुस्त झाला होता) मी मुद्दाम बंद करायचो आणि पडद्यासमोर बसायचो. दुपारी माझा पट्टा बाकीच्यांसारखाच अरुंद झाला की मला इतका आनंद व्हायचा की मी टेबलावर ताल धरायचो. तबस्सुम तोवर डॉक्टर झाली होती, खरीखुरी, आणि आमच्याकडेच शिकवत होती. ती घाम पुसत म्हणायची, "सब को गर्मी में मार रहे, और खुश क्या हो रहे जी?"

हा सेल उन्हाळ्यात तापला, पावसाळ्यात सावरला, थंडीत कुरकुरला. मग पट्टा हळूहळू रुंद व्हायला लागला, दिवसेंदिवस, घाई न करता, आणि एका शनिवारी दुपारी थांबला. पाणी आटलं होतं. तबस्सुमने पक्कड माझ्यासमोर ठेवली. मी सेल उघडला नाही. खिशात घातला, काढला, परत मशीनजवळ ठेवला. कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या घरी गेलो. ते पेपर वाचत होते.

"सर, सेल गेला."

पेपर खाली आला नाही. "एकदम?"

"नाही सर. हळूहळू. पाणी आटून."

"उघडला?"

"नाही."

ते उठून आत गेले. मला वाटलं, विषय संपला. काकू चहा घेऊन आल्या. तेवढ्यात सर इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवत बाहेर आले. "चल."

"सर, आज रविवार आहे. विभाग बंद असेल."

"गेलेल्याला बघायला जायला वार बघतेत का बे?"

वॉचमनने सरांना पाहिलं आणि काही न विचारता किल्ली दिली. लॅबमध्ये दोन खुर्च्या खिडकीशी ओढल्या. पक्कड सरांनीच घेतली. कड उचकटली, कागद काढला, प्रकाशात धरला. कुठेही ठिपका नव्हता. मग चकती पाण्याने धुतली, चिमट्यात धरली आणि हळूहळू पूर्ण फिरवली. थोडी पिवळी पडलेली खळ ह्या काठापासून त्या काठापर्यंत शाबूत होती.

सरांनी चकती परत फिरवून पाहिली. परत एकदा.

"वयानं गेला, सर," मी म्हणालो.

"दिसतंय की मला," ते म्हणाले. "रडतोस कशाला मग?"

आम्ही दोघंही रडत होतो, आणि रविवार असल्यामुळे बघायला कोणी नव्हतं.